विंडोज ११ : आत्ता घ्यायचं की थांबायचं? पेण-रोह्यातल्या कॉम्प्युटरचा हिशोब

घरात ज्याला फोन सगळ्यात नीट वापरता येतो, तोच घरचा ‘कॉम्प्युटरवाला’ ठरतो. तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुतेक तुम्हीच तो. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत असा एखादा फोन तुम्हालाही आला असेल.

‘अरे, स्क्रीनभर निळं पान आलंय. विंडोज १० संपलं म्हणतंय. नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागणार काय?’

‘काका, कॉम्प्युटर बंद नाही पडणार. फक्त सपोर्ट संपलाय.’

‘मग राहू दे की. पुढच्या वर्षी बघू.’

हे ‘पुढच्या वर्षी बघू’ बरोबर की चूक, एवढाच आजचा विषय आहे. उत्तर थोडं वेगळं आहे. थांबायला हरकत नाही, पण तारीख ठरवून आणि मधल्या काळाची सोय करून थांबायचं. नुसतं थांबणं म्हणजे चालढकल, आणि या वेळी ती महागात पडू शकते. का ते पेण आणि रोह्याच्या उदाहरणांवरून बघू.

नक्की संपलंय काय?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चा सपोर्टही त्याच दिवशी संपला, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नाही.

सपोर्ट संपला म्हणजे काय, हे रोहेकरांना पटकन समजेल. रोहा स्टेशनला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. गाडी तीच असते, डब्यात बसलेल्या माणसाला काही कळतही नाही. पण पुढच्या रुळांची देखभाल वेगळी यंत्रणा करते. विंडोज १० चंही असंच आहे. १४ ऑक्टोबरला हद्द संपली, गाडी मात्र चालूच आहे. फरक एवढाच की पुढच्या रुळांची देखभाल करायला आपोआप कुणी येणार नाही. ती सोय आपण स्वतः मागून घ्यावी लागते.

देखभाल म्हणजे दर महिन्याला येणारे सिक्युरिटी अपडेट. मायक्रोसॉफ्ट साधारणपणे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते देतं. कुठे भोक सापडलं की ते बुजवायचं, असं हे काम. आता गंमत बघा. विंडोज १० आणि ११ चा आतला बराच भाग सारखा आहे. विंडोज ११ मधलं भोक बुजवलं, की तो अपडेट उघडून हल्लेखोराला कळतं की भोक नेमकं कुठे होतं. तेच भोक विंडोज १० मध्येही असेल आणि तिथे बुजवलेलं नसेल, तर त्याला शोधाशोध करायचीही गरज नाही. म्हणजे सपोर्ट संपलेली सिस्टीम नुसती जुनी होत नाही, तर दर महिन्याला तिची आणखी भोकं जगजाहीर होत जातात.

हे फक्त पुस्तकी बोलणं नाही. सपोर्ट संपल्यावर पहिलाच मोठा अपडेट नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. विंडोजच्या अगदी गाभ्यातल्या ज्या भोकाचा हल्लेखोर आधीपासूनच वापर करत होते, ते त्यात बुजवलं. ज्यांनी जादा सपोर्टसाठी नाव नोंदवलं होतं, त्यांच्या विंडोज १० ला तो अपडेट मिळाला. बाकीच्यांना नाही.

आजवर थांबणारेच शहाणे ठरले. मग आता काय बदललं?

काकांचं ‘बघू’ अगदीच निराधार नाही. जुना इतिहास त्यांच्या बाजूने आहे.

२००७ मध्ये व्हिस्टा आलं. घाई करून घेतलेल्यांचे कॉम्प्युटर रडायला लागले. एक्सपीवर थांबलेल्यांना २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ मिळालं, ते कितीतरी बरं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं. सुरुवातीला अपग्रेड स्वस्त होतं : भारतात १,९९९ रुपयांना, आणि जून २०१२ नंतर विंडोज ७ चा नवा कॉम्प्युटर घेतलेल्यांना ६९९ रुपयांना. लोकांनी घेतलं आणि बघतात तर स्टार्ट बटणच गायब! वर्षभर थांबलेल्यांना ऑक्टोबर २०१३ मध्ये सुधारलेलं ८.१ मिळालं. २०१५ ला विंडोज १० आलं, तेव्हा तर विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना ते वर्षभर फुकट होतं. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्यानंतर चार वर्षं विंडोज १० वर थांबलेल्यांचं काहीही बिघडलं नाही.

मग थांबणं नेहमीच बरोबर? इथे एक गोष्ट नीट बघा. या प्रत्येक वेळी लोक ज्या सिस्टीमवर थांबले, तिला तेव्हा सपोर्ट चालू होता. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ पर्यंत होता, विंडोज ७ चा जानेवारी २०२० पर्यंत. स्टेशनवर पुढच्या गाडीची वाट बघायला हरकत नसते, कारण डोक्यावर छप्पर असतं. आता छप्परच काढलंय. म्हणून या वेळचा प्रश्न आधीच्यासारखा नाही.

‘विंडोज १२ येईल, तेव्हा एकदमच घेऊ’ असंही काही जण म्हणतात. मायक्रोसॉफ्टने अशा आवृत्तीची कुठलीही तारीख जाहीर केलेली नाही. आणि बोलण्यावर किती विसंबायचं याचंही उदाहरण आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीर कार्यक्रमात विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं. सहा वर्षांत ११ आलं.

आपल्या जिल्ह्यात काय झालं होतं, आठवतंय?

‘आपल्यासारख्या छोट्या माणसाचा कॉम्प्युटर कोण कशाला हॅक करेल?’ हा पुढचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर रायगडमध्येच आहे.

२७ जून २०१७. उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा, म्हणजे जेएनपीटी बंदर. तिथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवलं जात होतं. त्या दिवशी तिथले कॉम्प्युटर ठप्प झाले. कुठला कंटेनर कुठे आहे आणि कुठे जायचाय, हे सांगणारी यंत्रणाच बंद! काम हाताने करायची वेळ आली आणि कंटेनरची कोंडी झाली. जगभरात मिळून मर्स्कने आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं.

त्या व्हायरसचं नाव नॉटपेट्या. गंमत म्हणजे त्याचा निशाणा न्हावा-शेवा नव्हताच. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला आणि नेटवर्कच्या वाटेने जगभर फिरला. पसरायला त्याने विंडोजमधलं जे भोक वापरलं, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला, म्हणजे साडेतीन महिने आधीच दिला होता. पण तो सगळ्यांनी टाकला नव्हता. आणि पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. एका कॉम्प्युटरमध्ये शिरल्यावर नॉटपेट्या तिथले पासवर्ड चोरायचा आणि ते वापरून अपडेट केलेल्या कॉम्प्युटरमध्येही घुसायचा. म्हणजे दहापैकी नऊ जणांनी काळजी घेतली आणि एकाने ‘बघू’ म्हटलं, तर धोका दहाही जणांना.

तेव्हा प्रश्न ‘मला कोण हॅक करेल?’ हा नाही. असे व्हायरस माणूस बघून येत नाहीत, उघडं दार बघून येतात.

पेणचा कारखाना : कॅलेंडर काढा आणि तारखा बघा

पेण म्हटलं की गणपती. पेण शहर, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. इथल्या मूर्ती राज्यभर जातात आणि परदेशातही. कारखान्यात माती, साचे, रंग दिसतात. पण कोपऱ्यात एक कॉम्प्युटरही असतो. ऑर्डरची यादी, गिऱ्हाईकांचे पत्ते, जीएसटीची बिलं, ई-वे बिल, मूर्तींचे फोटो, परदेशी मालाची कागदपत्रं आणि दिवसभर उघडं असलेलं व्हॉट्सॲप वेब. तो ऐन सीझनमध्ये बसला, तर मूर्ती तयार असूनही कुणाची कुठे पाठवायची हे कळणार नाही. छोट्या प्रमाणात न्हावा-शेवाचीच गोष्ट.

अशा कारखान्याने काय करावं? आधी २०२६ च्या तारखा बघू.

विंडोज १० च्या घरगुती वापरासाठीचा जादा सपोर्ट संपतो १३ ऑक्टोबर २०२६ ला. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला येतात. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. म्हणजे विसर्जन झाल्यावर जेमतेम अठरा दिवस हातात राहतात. तेही वसुली आणि हिशोबाचे दिवस. ‘दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊ’ म्हणाल, तर दसरा २० ऑक्टोबरला. ‘दिवाळीच्या ऑफरमध्ये घेऊ’ म्हणाल, तर लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दोन्ही मुदत संपल्यानंतर!

म्हणून कारखानेवाल्यांसाठी सोपा नियम : कॉम्प्युटर बदलायचाच असेल तर एप्रिलच्या आत बदला. मे महिन्यानंतर रंगकाम आणि आखणीच्या गडबडीत नवीन मशीनवर जुना डेटा नेणं, प्रिंटर जोडणं, बिलाचं सॉफ्टवेअर चालू करणं हे उद्योग कुणालाच जमत नाहीत. आणि बदलेपर्यंतच्या काळासाठी जादा सपोर्ट आजच घेऊन ठेवा.

जादा सपोर्ट कसा घ्यायचा?

याचं नाव एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, थोडक्यात ईएसयू. घरगुती वापरासाठी तीन वाटा आहेत.

१. कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर चालू करायचा. पैसे लागत नाहीत.
२. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० पॉइंट द्यायचे.
३. ३० डॉलर किंवा तेवढे रुपये, अधिक कर भरायचा.

पहिली वाट बहुतेकांना पुरते. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, मग ‘विंडोज अपडेट’ उघडा. तिथे ‘एनरोल नाऊ’ दिसेल. ते दिसत नसेल तर आधी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आहे का ते बघा आणि राहिलेले सगळे अपडेट टाकून घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच. एका परवान्यावर दहा कॉम्प्युटरपर्यंत चालतात, त्यामुळे घरातले दोन-तीन एकाच वेळी उरकता येतील.

एक काळजी घ्या. वनड्राइव्हमध्ये फुकट जागा फक्त ५ जीबी असते. फक्त सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती पुरते. फोटो आणि डॉक्युमेंटचे फोल्डरही जोडले, तर जागा लगेच भरेल आणि ‘पैसे भरा’ असे मेसेज सुरू होतील.

ईएसयूमध्ये नवीन सोयी मिळत नाहीत, फक्त महत्त्वाची भोकं बुजवली जातात. आणि ही योजना वैयक्तिक कॉम्प्युटरसाठी आहे. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ती मिळत नाही. कंपन्यांसाठी वेगळी योजना आहे : पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

विंडोज ११ फुकट मिळतं का, हे आधी बघा

अनेक जण इथेच चुकतात. नवीन कॉम्प्युटरची चौकशी सुरू करतात, आणि घरातलाच विंडोज ११ ला चालणारा असतो. अस्सल विंडोज १० असेल आणि मशीन बसत असेल, तर अपग्रेड फुकट आहे.

मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप टाका, ते हो किंवा नाही सांगतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर डोळ्यांनीही अंदाज येतो. आय-३, आय-५ नंतरचा आकडा बघा. ७२०० म्हणजे सातवी पिढी, चालणार नाही. ८२५० म्हणजे आठवी पिढी, चालेल. साधारण २०१८ नंतर घेतलेली बरीच मशीन यात बसतात. सोबत ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी समजा. ॲपने ‘टीपीएम नाही’ म्हटलं तरी लगेच हार मानू नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं.

४ जीबी रॅम कागदावर चालते, प्रत्यक्षात कॉम्प्युटर कण्हतो. ८ जीबी आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तरच मजा. आणि काहीही करण्याआधी सगळ्या फायलींची कॉपी पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या.

यूट्यूबवर ‘न बसणाऱ्या’ मशीनवर विंडोज ११ टाकायच्या युक्त्या दिसतात. त्या चालतातही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी बदल केला, तीच गोष्ट अधांतरी. दुकानात ‘क्रॅक’ मारून मिळणाऱ्या विंडोजचंही तेच. कुलूप तोडणारं ते सॉफ्टवेअर कुणी बनवलं आणि सोबत आणखी काय आत सोडलं, हे आपल्याला दिसत नाही.

रोहा-धाटाव : इथे घाई करू नका

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. तुमच्यापैकी कुणी तिथल्या लॅबमध्ये किंवा मेंटेनन्सला लागला असाल, तर उत्तर एकदम उलटं आहे.

लॅबच्या यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर हा त्या यंत्राचाच भाग असतो. त्याचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर ठराविक विंडोजसाठीच बनवलेले असतात. ‘फुकट अपग्रेड’ म्हणून बटण दाबलंत, तर लाखोंचं यंत्र कॉम्प्युटरला ओळखायचंच बंद होईल. इथे पहिलं काम म्हणजे यंत्राच्या कंपनीला लेखी विचारणं. दुसरं, त्या मशीनवर विंडोज १० ची नेमकी कुठली आवृत्ती आहे ते बघणं. कारण एंटरप्राइज एलटीएससी २०२१ ला १२ जानेवारी २०२७ पर्यंत, आणि आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ ला १३ जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. तिसरं, असं मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवणं आणि त्याला कुणाचाही पेन ड्राइव्ह न लावणं. जेवणाच्या सुट्टीत त्यावर गाणी लावायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

इथे मात्र थांबूच नका

काही कॉम्प्युटरवर आपला नाही, दुसऱ्यांचा डेटा असतो. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, टॅक्सचे फॉर्म भरणारे, क्लासेस. लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, जातीचे दाखले स्कॅन होऊन डेस्कटॉपवरच पडलेले असतात. इथे चालकाने ‘बघू’ म्हटलं, तर जोखीम त्याची नसते, रांगेत उभ्या असलेल्या मावशींची असते. अशा ठिकाणी ईएसयूचा निर्णय आजचा, आणि मशीन बदलायचा निर्णय या तिमाहीतला.

तुम्ही अशा दुकानात गेलात, तर काम झाल्यावर ‘दादा, माझी फाइल डिलीट करा’ एवढं तरी नक्की सांगा.

बदल करताना एक अडचण येते. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, पत्रिका छापणाऱ्यांकडचे जुने मराठी फॉन्ट, यातलं काय विंडोज ११ वर चालतं ते आधी तपासा. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये बदलून ठेवल्या, तर पुढच्या वेळी हा त्रासच उरत नाही.

नवीन घ्यायचंच असेल, तर किंमत उतरायची वाट बघावी का?

एरवी मी हो म्हटलं असतं. कॉम्प्युटरची गोष्ट अशी की थांबलं की तेवढ्याच पैशात जास्त मिळतं. या वेळी चित्र वेगळं आहे. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, त्यामुळे २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉन या बड्या मेमरी कंपनीने तर क्रूशियल ब्रँडखाली सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा ‘दोन-चार महिन्यांत स्वस्त होईल’ या भरवशावर थांबू नका. सध्याच्या मशीनमध्ये रॅम वाढवून भागत असेल, तर त्याचा भाव आधी काढा.

बजेट कमी असेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते भरपूर मिळतात. घेताना तीन गोष्टी बघायच्या : प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, विंडोज अस्सल आणि ॲक्टिव्ह, बिलावर वॉरंटी. नवीन लॅपटॉप संशयास्पद स्वस्त वाटला, तर त्यावर ‘डॉस’ तर लिहिलेलं नाही ना ते वाचा. तसं असेल तर विंडोजचे पैसे वेगळे पडतील.

पैसे अजिबातच नसतील, तर लिनक्स. लिनक्स मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. आपल्याकडे सी-डॅकनेही बॉस नावाचं लिनक्स बनवलंय. ब्राउझर, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मराठी टायपिंग, अभ्यास यासाठी पुरेसं. पण टॅली, ठशांचं यंत्र किंवा विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर लागत असेल, तर लिनक्सच्या भानगडीत पडू नका.

आणि हातातला फोन?

कॉम्प्युटरचं एवढं ऐकलंत, आता खिशातलाही बघा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख वाचा. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल, तर तुमचा फोनही विंडोज १० च्याच रांगेत आहे. त्यावर यूपीआयही आहे, हे विसरू नका. फोनची सिस्टीम वेगळी विकत घेता येत नाही. म्हणून पुढचा फोन घेताना कॅमेऱ्यासोबत ‘किती वर्षं अपडेट?’ हेही विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून त्या मालिकांना सात वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त फोनना त्यापेक्षा बरंच कमी मिळतं.

तर काकांना काय सांगायचं?

मशीन विंडोज ११ ला बसत असेल, तर बॅकअप घेऊन या रविवारी अपग्रेड. बसत नसेल, तर आज ईएसयू आणि एप्रिलच्या आत नवीन किंवा रिफर्बिश्ड मशीन. इंटरनेटच लागत नसेल, तर तार काढून ठेवा आणि चालेल तोवर वापरा. यंत्राला जोडलेलं असेल, तर हात लावू नका, कंपनीला विचारा. लोकांची कागदपत्रं असतील, तर थांबूच नका.

आणि जे ठरेल, त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कारखान्यात ऑर्डरच्या तारखा लिहिलेल्या असतातच, त्यांच्याच शेजारी आणखी एक : १३ ऑक्टोबर २०२६. मग काकांनी ‘बघू’ म्हटलं तरी हरकत नाही. बोट ठेवायला तारीख असेल.